करतोच आहोत तर...

आमच्या घराण्यावर आजवर जी जी संकटं आली ती बाहेरून आली नाहीत. ती 'करतोच आहोत तर' या तीन शब्दांतून आली. मी चौथीत असताना साताऱ्याच्या घरी मोरीचा नळ बदलायचं ठरलं. नळ काढतोच आहोत तर मागची फरशी बदलू, फरशी उखडतोच आहोत तर ओटा खिडकीखाली घेऊ, असं करत करत त्या दिवाळीत आमचा फराळ शेजारच्या काकूंच्या गॅसवर झाला. नळ तेवढा जुनाच राहिला.

हे रक्त अंगात घेऊन मी जर्मनीला आलो. स्टुटगार्टजवळ राहतो आणि माझ्याकडे पोर्शे आहे, एवढं सांगितलं की साताऱ्यात लोक खुर्ची पुढे ओढतात. त्यामुळे पुढचं वाक्य मी सहसा बोलत नाही. गाडी २००४ सालची आहे, तिला माझ्याआधी दोन मालक होऊन गेलेत आणि त्या पैशांत इथे नवी छोटी गाडीसुद्धा आली नसती. नाव काएन. हे एका तिखट मिरचीचंही नाव आहे. या मिरचीच्या तेव्हा तीन जाती होत्या. टर्बो ही ४५० अश्वशक्तीची लवंगी, एस ही ३४०ची संकेश्वरी आणि सहा सिलिंडरची, २५०वाली ही माझी. म्हणजे ढोबळी. भरून भाजीला बरी.

तर या ढोबळीच्या पुढच्या ब्रेकच्या डिस्क झिजत झिजत ठरलेल्या जाडीच्या खाली आल्या. ब्रेकची काही तक्रार नव्हती. वीस वर्षांत चप्पलसुद्धा झिजते. दोन नव्या डिस्क, चार पॅड, एक शनिवार; विषय संपला असता. पण मी हे आमच्या सांगलीकर मित्राला बोललो. हा माणूस गणपतीच्या आरतीत झांजा वाजवताना लयीपेक्षा झांजांच्या धातूचा विचार करतो. तो म्हणाला, "बदलतोयसच तर मोठ्या घाल की!"

झालं. साताऱ्याचा नळ गळायला लागला.

आता थोडी भाऊबंदकी समजून घ्यावी लागेल. पोर्शेची काएन, फोक्सवॅगनची टुआरेग आणि आउडीची क्यू-सेव्हन ही तिन्ही भावंडं. सांगाडा एक. टुआरेग आणि क्यू-सेव्हन स्लोव्हाकियात ब्रातिस्लाव्हाच्या कारखान्यात तयार व्हायच्या. काएनची बॉडीही तिथलीच, पुढची जुळणी मात्र लाइपझिगला. म्हणजे एकाच घरातली तीन पोरं, त्यातलं एक श्रीमंताकडे दत्तक गेलेलं. माझ्या ढोबळीचं तर इंजिनही फोक्सवॅगनच्याच घरातलं. साहजिकच यांचे कपडे एकमेकांना होतात. चाकाचे पाच बोल्ट १३० मिलिमीटरच्या वर्तुळावर, तिघांचेही. पुढच्या ब्रेकची मापं मात्र दोन. यातले लोक त्यांना १७झेड आणि १८झेड म्हणतात. झेड म्हणजे 'त्सोल', जर्मन इंच. १७झेड सतरा इंची चाकात मावतो आणि त्याची डिस्क ३३० मिलिमीटरची. १८झेडला अठरा इंची चाक लागतं, डिस्क ३५०ची. दोन्ही कॅलिपर ब्रेम्बोचे. ही इटलीतल्या बर्गामोजवळची कंपनी, १९६१ सालापासूनची. दोन्हींत पिस्टन सहा-सहाच.

हे शेवटचं वाक्य बायकोनं बरोबर पकडलं. "म्हणजे सहा काढून सहाच घालायचे?"

"पण मोठ्या डिस्कवर."

"किती मोठ्या?"

"वीस मिलिमीटर." व्यास वीसनं वाढतो म्हणजे त्रिज्या दहानं, म्हणजे माझ्या करंगळीच्या नखाएवढी. हे मी सांगितलं नाही. तिचं गणित चांगलं आहे, तिनं करंगळीकडे पाहिलं.

वजनदार मुद्दा म्हणून मी चहाचा हिशेब काढला. माणसं, डबे आणि मंडळाची सतरंजी धरून आमची गाडी अडीच टन. जर्मनीत आउटोबानवर बऱ्याच ठिकाणी वेगमर्यादा नाही, १३० हा फक्त सल्ला आहे, १९७८पासून. त्या १३०च्या वेगातून गाडी पूर्ण थांबवली, की जी ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते तिच्यात साध्या खोलीतलं जवळजवळ पाच लिटर पाणी उकळेल. म्हणजे एका ब्रेकमध्ये पंचेचाळीस कप चहा, अख्ख्या महाराष्ट्र मंडळाला पुरेल इतका. आणि थांबताना वजन पुढे झुकत असल्यामुळे त्यातला मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कना गिळावा लागतो. पातेलं मोठं असलेलं काय वाईट?

"मग एवढ्या वेळा चहा कोण ठेवतंय?" बायको म्हणाली. वादाचा तोच मुद्दा होता, आणि खरं सांगायचं तर तोच बरोबर होता. गाडी एकदाच कचकन थांबवायची तर शेवटी पकड टायरची लागते. जुने ब्रेकही एबीएस सुरू होईपर्यंत चाक दाबत होतेच. मोठ्या डिस्कचा उपयोग पुन्हा पुन्हा थांबताना, लांब उतारावर, तापल्यावर. हे सगळं मी नंतर नीट वाचलं. आधी पैसे भरले.

कॅलिपर मिळाले ते एका मोडीत काढलेल्या टुआरेगचे, तेही व्ही-टेनचे. दहा सिलिंडर, पाच लिटरचं डिझेल. याच जातीच्या गाडीनं २००६ साली इंग्लंडमध्ये १५५ टनांचं बोइंग ७४७ ओढून दाखवलं होतं. ओढण्याचा आणि थांबण्याचा तसा संबंध नाही, पण खरेदीच्या वेळी माणूस असे संबंध लावतो. गाडीच्या भंगाराचं दुकान म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर पुण्याची नाना पेठ होती: ऑइलनं काळी पडलेली फरशी आणि "साहेब, ओरिजिनल आहे, काढून दिलंय" म्हणणारा इसम. इथे हिशेबाच्या पावतीसोबत जुन्या गाडीच्या सांगाड्याचा नंबरही छापून मिळाला. कॅलिपर मीच उतरवले. घोटाळा नको म्हणून गाडीसमोर उभं राहून त्यांना चिठ्ठ्याही चिकटवल्या. एकावर 'डा', दुसऱ्यावर 'उ'. या चिठ्ठ्यांकडे आपण परत येणार आहोत.

मग चाकं. आमची सतरा इंची, त्यात १८झेड शिरेना. म्हणून अठरा इंची चार चाकं घेतली, तीही टुआरेगचीच. पण जर्मनीत माणसाच्या आयुष्यात चाकांचे दोन संच असतात. उन्हाळ्याचे आणि हिवाळ्याचे. 'ओ ते ओ' असा इथला पाठ आहे, ऑक्टोबर ते ओस्टर्न, म्हणजे ईस्टर. उन्हाळी चाकं मोठी झाली, तर हिवाळी लहान कशी राहतील? म्हणून आणखी चार. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. जुनी आठ चाकं तळघरात गेली. तिथे आमच्या वाट्याला आलेली जागा सायकल आणि लोणच्याच्या बरण्या यांनी आधीच भरली होती.

शेजारचे आजोबा रोज हे सामान आत जाताना पाहत होते. एक दिवस त्यांनी गाडीच्या चाकाकडे वाकून पाहिलं. मध्यभागी फोक्सवॅगनचं चिन्ह. बॉनेटवर पोर्शेचा घोडा. त्यांनी दोनदा आळीपाळीनं पाहिलं आणि मान हलवत केर काढायला गेले. आमच्या भागात 'केरवोखं' नावाची पद्धत आहे. आठवड्याआठवड्यानं एकेका बिऱ्हाडानं जिना आणि अंगण झाडायचं. मराठी माणसाला हा शब्द शिकवावा लागत नाही.

इमारतीच्या आवारात गाडी खोलणं शक्य नव्हतं. रविवारी तर इथे खिळा ठोकला तरी चिठ्ठी येते. पण या देशात तासावर भाड्यानं वर्कशॉप मिळतं. गाडी वर उचलणारी लिफ्ट त्यांची, पाने त्यांचे, अक्कल आपली. शनिवारी सकाळी दहाला आम्ही दोघं हजर झालो. बायको हिवाळी जॅकेट घालून पुस्तक घेऊन आली होती. जुने कॅलिपर सुटले, नव्या डिस्क बसल्या, 'उ' चिठ्ठीवाला उजवीकडे, 'डा'वाला डावीकडे, चारही मोठे बोल्ट पुस्तकात दिलेल्या ताकदीनं आवळले. ब्रेकचा होज जरासा मुरगळून बसला. शंका तिथेच यायला हवी होती. पण बारा वाजले होते, आणि मी मनातल्या मनात लोकांना फोटो दाखवत होतो.

मग हवा काढण्याचं काम. ज्यांनी हे कधी केलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. एकानं आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकापाशी बसून कॅलिपरवरचं निपल सैल करायचं. ब्रेक ऑइलबरोबर हवेचे बुडबुडे बाहेर पडतात. निपल बंद केल्यावरच पेडल सोडायचं. याचे मंत्र तीन: दाब, धर, सोड. लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर नवऱ्यानं बायकोला एका तासात शंभर वेळा "दाब, धर, सोड" म्हणणं हा संसारावरचा मोठा प्रयोग आहे. पेडल मात्र दर वेळी मऊच. ताज्या लोण्यात बोट घालावं तसं खाली जायचं. एक लिटर डॉट फोर संपलं, दुसरी बाटली फुटली. भाड्याचं मीटर चालूच.

पाचला मी हात टेकले आणि अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. अण्णा एसटीच्या वर्कशॉपमध्ये बत्तीस वर्षं होते. साताऱ्यात तेव्हा साडेआठ वाजले होते, ते जेवून सुपारी कातरत बसले होते. मी फोन चाकाजवळ धरला. अण्णांनी चष्मा वर केला, खाली केला.

"ते निपल खाली का आहे?"

"म्हणजे?"

"अरे, हवा वर जाते का खाली?"

मी गप्प.

"बाटलीत बुडबुडे कुठे जातात? तू बुडाला भोक पाडून हवा काढतोयस. ऑइलच येणार तिथून, हवा वरती मजेत बसलीय." मग त्यांनी हळूच विचारलं, "डावा-उजवा केलास का?"

भंगाराच्या अंगणात ती टुआरेग माझ्याकडे तोंड करून उभी होती. माझ्या उजव्या हाताला आला तो मी 'उ' केला होता. गाडीचा उजवा म्हणजे आत बसलेल्याचा उजवा, हे पहिलीतल्या पोराला कळतं. सुपारीचा आवाज थांबला होता. पलीकडून आईनं विचारलं, "काय झालं?" अण्णा म्हणाले, "काही नाही. जर्मनीत उजवं-डावं वेगळं असतं."

पुन्हा सगळं खोललं. बाजू बदलल्या, निपलं वर आली, होज सरळ बसला. "दाब" म्हटल्यावर पहिल्यांदाच पुढून भसकन बुडबुडे आले. दहा मिनिटांत पेडल दगडासारखं. बायकोनं पुस्तक मिटलं. "झालं?" म्हणून तिनं विचारलं त्यात प्रेम नव्हतं, पण थकव्याची मैत्री होती.

इथे ब्रेक बदलून नुसतं फिरता येत नाही. मंजुरी न घेता असा बदल केला तर गाडी रस्त्यावर आणायची परवानगीच रद्द होऊ शकते. सोमवारी रजा काढून तपासणीला गेलो. इन्स्पेक्टर साठीचे, मिशावाले. भंगाराची पावती, सांगाड्याचा नंबर, कॅलिपरवरचे आकडे, टायरची मापं, सगळं त्यांनी टॉर्चच्या उजेडात जुळवलं. रोलरवर चाकं फिरवून डाव्या-उजव्या ब्रेकचा जोर मोजला. मी श्वास रोखून उभा. शेवटी त्यांनी कागदावर लिहिलं की यापुढे या गाडीला अठरा इंचांच्या खालची चाकं चालणार नाहीत, आणि शिक्का मारला. एक अक्षर बोलले नाहीत. या भागातल्या स्वाबियन लोकांची म्हण आहे की शिव्या घातल्या नाहीत म्हणजे पुरेसं कौतुक झालं. सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाला हे लोक आपले वाटावेत.

नवे पॅड डिस्कवर बसायला दहा-बारा वेळा मध्यम ब्रेक लावावे लागतात. ते मी गावाबाहेर मोकळ्या रस्त्यावर लावले. एका शेतकऱ्यानं ट्रॅक्टर थांबवून मला मदत हवी का म्हणून विचारलं.

आणि मग तो दिवस आला. उल्मकडून स्टुटगार्टला येताना ए-एट महामार्ग ड्राकनश्टाइनच्या उतारावरून खाली येतो. आल्ब डोंगराचा हा घाट, एका बाजूला दरी, वळणं. माझ्या मनातली खंबाटकी. याच्यासाठी तर सगळा अट्टहास. मंडळाच्या कार्यक्रमाहून परतत होतो, मागे पोरं, डिकीत उरलेली पुरणपोळी. वरच्या टोकाला लाल दिवे दिसले. पुढे ट्रकांची रांग लागली होती. आम्ही संपूर्ण घाट ताशी वीसनं उतरलो. अण्णांनी आयुष्यभर सांगितलेल्या पद्धतीनं, गिअरवर. ब्रेकला पाय लागला तो तीनदा, तोही हलका. खाली आल्यावर बायको म्हणाली, "छान लागतात हं ब्रेक."

आता तळघराचं बघायचंय. पुढचा आठवडा आमच्या केरवोखंचा आहे आणि आजोबांनी चाकांवर चिठ्ठी लावली आहे. पाच बोल्टांची, १३० मापाची, सतरा इंची आठ चाकं आहेत, चार उन्हाळी, चार हिवाळी, टायर चांगले. काएन किंवा टुआरेगवाल्या कुणा मराठी माणसाला हवी असतील तर शनिवारपर्यंत यावं. पैसे नकोत. येतोच आहात तर चार लोणच्याच्या बरण्याही न्या.