कोणाचा रे तू?

इंटरनेटवर नाव मिळवणं सोपं. वर्षाचे पैसे भरले की ‘अमुकतमुक डॉट इन’ आपलं. झोन फाइलमध्ये, म्हणजे आपल्या नावाखालच्या नोंदींच्या यादीत, ए रेकॉर्डची एक ओळ लिहिली की नावावरून आयपी नंबर सापडतो. पुण्यातल्या आमच्या छोट्या कंपनीत हे खातं माझ्याकडे आहे आणि नावावरून नंबर काढायचा असेल, तर तिथे माझंच राज्य. नंबरावरून नाव काढायचं म्हटलं, की मात्र मला कुणी विचारत नाही. नाव विकत घेतलेलं असतं, नंबर भाड्याचा. तो मालकीचा असतो लाइन देणाऱ्या कंपनीच्या, आणि त्याचं नाव काय हे सांगणारा पीटीआर रेकॉर्डही तिच्याच सर्व्हरवर असतो.

स्वतःचा मेल सर्व्हर लावेपर्यंत या गोष्टीचा पत्ता लागत नाही. गावच्या पारावरची म्हातारी मंडळी नव्या पोराला ‘कोणाचा रे तू?’ असं हटकतात, तसे मोठ्या कंपन्यांचे मेल सर्व्हर आपल्याला हटकतात. नंबरावरून नाव काढायचं, त्या नावावरून परत नंबर काढायचा. जुळलं नाही तर मेल वेशीवरूनच माघारी. आमची बिलं अशी परत यायला लागली. हिशेब बघणाऱ्या काकांना मी म्हटलं, “पीटीआर नाही म्हणून अडलंय.” त्यांनी तडक फाइल काढली आणि व्यवसाय कराचं पीटीआरसी प्रमाणपत्र माझ्यापुढे आपटलं. “भरलेलाय. मार्चपर्यंत!”

या उलट शोधाचा झोनही उलटाच. नावात मोठी गोष्ट शेवटी येते, नंबरात सुरुवातीला. दोन्ही एकाच झाडावर टांगायचे म्हणून नंबर उलटा करतात: २०३.०.११३.२५ चं होतं २५.११३.०.२०३.इन-ॲडर.आर्पा. नव्या आयपीव्ही६ मध्ये असे बत्तीस अंक, एकेक सुटा, मध्ये टिंब, तेही उलटे. ती ओळ हाताने टंकणाऱ्या माणसाशी कुणी वाद घालू नये. त्याने आधीच पुष्कळ सोसलेलं असतं.

नावं आणि नंबर जुळवणाऱ्या या यंत्रणेची, म्हणजे डीएनएसची, मांडणी पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये केली. त्याआधी साऱ्या जाळ्यातल्या यंत्रांची नावं एकाच फाइलमध्ये असायची, कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये. एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांची माणसं ती सांभाळत. नवं यंत्र आलं की त्यांना कळवायचं, मग कुणीतरी नाव चढवायचं. पुढे फाइल आवरेना, तेव्हा ज्याचा झोन त्याने बघावा, कुणाच्या दारी जायला नको, अशी सोय झाली. एवढी क्रांती होऊन गेल्यावर मी काय केलं? लाइनवाल्यांना फोन लावला.

“सर, नेट चालू आहे का?”

“आहे.”

“मग प्रॉब्लेम काय आहे?”

“आमच्या नंबराला नाव नाही.”

पलीकडे थोडा वेळ नुसता श्वास. “सर, एकदा राउटर बंद करून चालू करता का?”

केला. राउटर बंद केल्याशिवाय तक्रार वरच्या पायरीवर चढत नाही, हे या धंद्यातलं पहिलं शास्त्र. वरच्या पायरीवरच्या मुलाला पीटीआर ठाऊक होता, देव त्याचं भलं करो. संध्याकाळी रेकॉर्ड पडला. मी ‘डिग’ या कमांडला नंबर देऊन विचारलं, तर आमचं नाव आलं: मेल.अमुकतमुक.इन.११३.०.२०३.इन-ॲडर.आर्पा. शेवटचं टिंब राहिलं होतं. झोन फाइलमध्ये नावाच्या शेवटी टिंब नसलं, की सर्व्हर ते नाव अर्धवट समजतो आणि मोठ्या मनाने पुढे झोनचं नाव जोडून देतो. १९८७ च्या आरएफसी १०३५ मध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे आणि लोक अजूनही ते टिंब विसरतात.

“शेवटी एक टिंब द्या.”

“सर, आहेत की टिंबं.”

“अजून एक. सगळ्यात शेवटी.”

“पूर्णविराम का, सर?”

“हो हो, पूर्णविराम!”

पूर्णविराम पडला, पण प्रकरण संपेना. एक मेल जायचा, पुढचा परत यायचा. झोन मुख्य सर्व्हरवर दुरुस्त झाला होता, दुय्यम मात्र जुन्यालाच चिकटून बसला होता. दुय्यम सर्व्हर आत काय बदललं ते बघत नाही. तो फक्त अनुक्रमांक बघतो, जो बहुधा तारखेला दोन आकडे जोडून लिहितात. अनुक्रमांक वाढला तर तो झोन उतरवून घेतो, नाही वाढला तर काही घडलंच नाही असं मानतो. मुलाने टिंब दिलं होतं, अनुक्रमांक वाढवला नव्हता. साहेब विचारत होते, “मेल चालू आहे की बंद?” आणि त्यांच्या तक्त्यात ‘कधी कधी’ असा रकाना नव्हता.

आणखी एक फोन झाला, राउटर आणखी एकदा बंद झाला आणि अनुक्रमांक वाढला. मग जुनी उत्तरं लोकांच्या कॅशेतून विरेपर्यंत ८६४०० सेकंद थांबायचं. काकांनी कॅल्क्युलेटर काढून भागाकार केला आणि म्हणाले, “सरळ एक दिवस म्हणा की.”

आता सगळी बिलं पोचतात. एक जुना ग्राहक मात्र बिल मिळालंच नाही म्हणतो. त्याच्या सर्व्हरने मेल स्वीकारल्याची नोंद मी लॉगमधून काढून काकांना दाखवली. त्यांनी चष्मा वर केला. “हा बिघाड तुमच्या खात्यातला नाही. याला मी ओळखतो.”