पाव मिलिमीटरचे आबा

बंदूकवाला म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर मिशा येतात, जीप येते, भिंतीवर सांबराची शिंगं येतात. मुरबाड तालुक्यातल्या धसईकडचा बंदूकवाला असा नसतो. त्याच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची, आज्याच्या वेळची एकनळी ठासणीची बंदूक असते आणि कोपरीच्या खिशात चिंधीत बांधलेल्या शिशाच्या पाच-सहा गोळ्या असतात. बाजारात चहा सांगून झाला की तो चिंधी सोडतो, एक गोळी चिमटीत धरून उजेडाकडे नेतो आणि समोरच्याला विचारतो, "काय वाटतं?" समोरचा भेंडीचा भाव काय फुटला या विवंचनेत असतो. त्याला काही वाटत नाही. तिथेच तो सापडतो.

याला कुठे आबा म्हणतात, कुठे अण्णा, कुठे तात्या. आपण आबा म्हणू. आबांबद्दल एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी: आबांना डुक्कर मारायचं नसतं, आबांना गोळी बसवायची असते. ही दोन कामं वेगळी आहेत हे त्यांच्या घरच्यांना कळायला फार पिकं गेली.

बंदुकीचं माप मुळात वजनावरून ठरतं, हा आबांचा पहिला पाठ. एक पौंड शिसं घ्या, त्याच्या बारा सारख्या गोळ्या ओता. त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर. सोळा ओतल्या तर सोळा बोअर. म्हणून आकडा जितका मोठा तितकी नळी बारीक. हिशेबाने बारा बोअरची गोळी ३७.८ ग्रॅमची आणि साडेअठरा मिलिमीटर जाडीची भरते. आबांची नळी मात्र कुण्या जुन्या कारागिराच्या हातची. ती तोंडाशी सोळा बोअर आहे, मध्ये पंधरा, आणि खाली काय आहे ते गज जाणे. त्यामुळे तोंडाला जी गोळी घट्ट, ती पोटात सैल. या एका वाक्यावर आबांची हयात गेली. गोळ्या तोलायला ते सोनाराकडे जातात. सोनार पूर्वी हसायचा. हल्ली आबा दिसले की काटा पुसून ठेवतो.

ओतकामाचा दिवस पाहण्यासारखा असतो. मागच्या पडवीत तीन दगडांची चूल, तिच्यावर लोखंडी पळी. शिसं ३२७ अंशाला वितळतं हे आबांना पाठ आहे, पण ते पाहतात रंग. वर साय धरली की मेणाचा खडा टाकतात, भपकन जाळ होतो, मळी कडेला येते, ती चमच्याने काढून टाकतात. साचा पितळेचा, अडकित्त्यासारख्या दोन दांड्यांचा. पहिल्या दोन-चार गोळ्या सुरकुतलेल्या निघतात, कारण साचा अजून गार असतो. त्या परत पळीत. मग एक गुळगुळीत पडते. तिचा देठ कापतात, ती निववतात आणि चिमणीच्या ज्योतीवर फिरवून काजळी धरवतात. मग ती काळी गोळी रिकाम्या नळीच्या तोंडाशी अलगद दाबायची, काढायची आणि काजळी कुठे पुसली ते पाहायचं. एका बाजूला नखाएवढी चकाकी दिसते. आबा ती मला दाखवतात. "बघा मास्तर. इथं अडते."

मी म्हणतो, "थोडी घासा की."

या वाक्यासाठी आबांनी माझ्याकडे जसं पाहिलं, तसं आमच्या शिक्षणाधिकाऱ्यांनीही कधी पाहिलं नाही. गोळी घासायची नसते. धातू बदलायचा असतो. निव्वळ शिसं निवताना जास्त आखडतं. त्यात अँटिमनी असेल तर त्याच साच्यातून गोळी केसभर जाड पडते. ही मिसळ जुन्या बॅटरीच्या जाळ्यांत मिळते, पण त्या वितळवताना निघणारा धूर विषारी, म्हणून आबा तिच्या वाटेला जात नाहीत. ते कोळ्यांच्या जाळ्याची शिशाची वजनं भंगारातून आणतात. डिसेंबर २०१६ मध्ये धसई हे राज्यातलं पहिलं रोकडविरहित गाव ठरलं, दुकानादुकानांतून कार्ड घासायची यंत्रं आली, तेव्हा आबाही कार्ड घेऊन शिसं आणायला निघाले होते. भंगारवाल्याकडे यंत्र नव्हतं. एवढ्यावरून ती सगळी योजना आबांच्या लेखी मापात न बसणारी ठरली.

गोळीनंतर येते चिंधी. ठासणीच्या बंदुकीत गोळी नळीपेक्षा किंचित लहानच ठेवतात आणि तेल लावलेल्या कापडात गुंडाळून गजाने खाली ठासतात. उरलेली फट कापड भरून काढतं. म्हणजे अर्धी विद्या कापडाची. धोतर पातळ पडतं, माजरपाट जाड पडतो. मधलं माप आजींच्या एका लुगड्यात सापडलं. नंतर त्या घरात काय झालं ते मी सांगत नाही. आजी मात्र कुणी विचारलं की सांगतात, "ह्यांची गोळी बसंपोत्तर डुकराला नातवंडं झाली."

मुरबाड एमआयडीसीत लेथवर काम करणाऱ्या पुतण्याने आबांना एक व्हर्निअर आणून दिला आणि उरलीसुरली शांतताही गेली. आता आबा जगाचा इतिहास मिलिमीटरमध्ये सांगतात. एन्फील्ड रायफलची नळी ०.५७७ इंच, तिची गोळी ०.५६८ इंच; फरक पुरता पाव मिलिमीटरही नाही. दोन-चार बार झाले, नळीत दारूचा मळ बसला की गोळी उतरेना. पुढे इंग्रजांनी ती ०.५५ वर आणली. "आधीच आणली असती तर चरबी कशाला लागली असती? चरबी नसती तर सत्तावन साल कशाला झालं असतं?" इतिहासकार यावर बरंच काही म्हणतील, पण त्यातले कुणी धसईला येत नाहीत.

आबांची कीर्ती कल्याणपर्यंत गेलेली आहे. एकदा तिकडचे एक शेठ आजोबांच्या जुन्या विलायती रायफलचं दुखणं घेऊन आले. बंदूक घरीच ठेवून फक्त कागद आणला होता. नळीच्या आट्या पुरत्या भरतील एवढी जाड ओतीव गोळी घेतली, तर काडतुसाची मान फुगते आणि ते चेंबरमध्ये शिरत नाही, कारण जुनं चेंबर घट्ट. बारीक घेतली तर शिरतं, पण गोळी नळीत नीट धरत नाही, कडेने गॅस निसटतो आणि नळीला शिसं चढतं. आबांनी कागद उलटा, सुलटा पाहिला. म्हणाले, "शेठ, तुम्हाला जावई घरजावई हवा आणि मानी पण हवा." मग त्यांनी सांगितलं की असल्या काडतुसात घरी हात घालू नका, लायसनवाल्या दुकानदाराकडे जा. शेठ हिरमुसले. आबा मात्र पुढे बरेच दिवस खुशीत होते. घट्ट चेंबरचा रोगी त्यांना प्रथमच भेटला होता.

आता डुकरांकडे वळू. रानडुक्कर मारायला नुसता बंदुकीचा परवाना पुरत नाही, वनखात्याची परवानगी लागते. ती मिळेपर्यंत निवडणूक लागते. विधानसभेचं मतदान २०१४ ला १५ ऑक्टोबरला झालं, २०१९ ला २१ ऑक्टोबरला, २०२४ ला २० नोव्हेंबरला. म्हणजे भात पिवळं पडायला आणि आचारसंहिता लागायला एकच गाठ. बंदूक ठाण्यात जमा करा, असा निरोप येतो. आबा पोत्यात गुंडाळून ती नेऊन देतात, पावती घेतात आणि हवालदाराला बजावतात, "साहेब, तोंड खाली करून ठेवा, दमट भिंतीला टेकवू नका." निकाल लागल्यावर बंदूक परत येते. आबा पहिलं काम करतात ते व्हर्निअर लावण्याचं. मग पायरीवर बसकण मारतात. गंज धरला, घासला, नळी बदलली. वर्षभराच्या गोळ्या वाया. पळी पुन्हा चुलीवर.

तोवर राखण कोण करतं? माळ्यावर बसून रात्रभर पत्र्याचा डबा बडवणारा नातू. डबा कुठल्याही मापाचा चालतो, हे त्याने आबांना एकदा सांगून पाहिलं.

एक कबूल केलं पाहिजे. या माणसाच्या बंदुकीने आजवर कुणाचं बोटसुद्धा गेलेलं नाही. दारू आणि गोळी यांच्यामध्ये पोकळी राहिली तर नळी फुटते, म्हणून गजावर खूण केल्याशिवाय आबा बार भरत नाहीत; आणि खूण मनासारखी जुळत नाही म्हणून बहुधा भरतच नाहीत. हातात बंदूक असलेली सगळीच माणसं इतकी चिकित्सक असती तर फार बरं झालं असतं.

तुम्ही कधी धसईच्या बाजारात गेलात आणि कुणी चिमटीतली गोळी पुढे करून "काय वाटतं?" विचारलं, तर "बरोबर बसेल" म्हणा आणि चालू लागा. "जरा घट्ट वाटते" म्हणालात तर मुरबाडची शेवटची एसटी चुकली म्हणून समजा.