बाळ धावलं, भत्ता थांबला

केंद्र सरकारी नोकरीतल्या दिव्यांग आईला मूल सांभाळण्यासाठी सातव्या वेतन आयोगाच्या शिफारशीनुसार महिना ३००० रुपयांचा विशेष भत्ता ठरला. २०२४ पासून तो ३७५० झाला. मिळतो मात्र बाळ दोन वर्षांचं होईपर्यंतच. ते चाकाच्या खुर्चीला हुलकावणी देऊन जिन्याकडे धूम ठोकू लागलं, की आई आपोआप सक्षम! दिव्यांग बाबांना भत्ताच नाही. पुरुषांनी कुठे पोरं सांभाळायची असतात? बाकीच्या दिव्यांग आयांसाठी २०१६चा दिव्यांग हक्क कायदा आहेच. त्यात मुलांच्या संगोपनाला साहाय्य आहे, पण सरकारच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत. कामाला येणारी बाई दारातच विचारते, “फक्त बाळाचं करायचं, की तुमचंपण?” आणि दुप्पट पगार सांगते. तिला आपल्या आर्थिक क्षमतेची मर्यादा कोण सांगणार?