तोट्याचे अंदाजपत्रक

प्रकाशतंतूच्या शास्त्रात आधी तोटा मोजतात, बाकीचे नंतर. माप डेसिबलचे. ३ डेसिबल गेले म्हणजे निम्मा प्रकाश गेला, पण ऐकणाऱ्याला वाटते, तीनच तर गेले! १९६६ मध्ये संशोधक चार्ल्स काओ यांनी किलोमीटरमागे २० डेसिबलचे उद्दिष्ट ठेवले. म्हणजे शंभरातला एक हिस्सा पलीकडे पोचला तरी भरून पावलो. १९७० मध्ये कॉर्निंग कंपनीच्या संशोधकांनी ते गाठलेही. आज १५५० नॅनोमीटर तरंगलांबीला तोटा किलोमीटरमागे ०.२ डेसिबलच्या आसपास आहे. तरी ‘लॉस बजेट’ मांडावेच लागते: स्प्लाइसचे (तंतूंच्या जोडांचे) इतके, कनेक्टरचे इतके, आणि उद्या कोणाचा तरी जेसीबी केबल तोडणारच, म्हणून दुरुस्तीच्या जोडांसाठी वर थोडे मार्जिन. इतका प्रामाणिक अर्थसंकल्प सहसा पाहायला मिळत नाही.

हा हिशोब चालू तंतूचा. पुरून ठेवलेला, पण उपकरण न जोडलेला तंतू म्हणजे ‘डार्क फायबर’. तो भाड्याने जातो, अंधारही खपतो. गंमत अशी, की चालू तंतूही डोळ्यांना काळाच दिसतो, कारण त्यातला प्रकाश अवरक्त. ‘लाइट आहे का’ म्हणून टोकात डोकावणाऱ्याला काही दिसत नाही. डोळ्याला इजा मात्र होऊ शकते. लाइट तपासायला पॉवर मीटर असतो.