कोंबडीइतकं तरी

नवापूरचं रेल्वे स्थानक सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तर गुजरातेत, आणि हद्दीवरच्या बाकड्यावर दोन्ही राज्यांची नावं रंगवलेली. घोषणा चार भाषांत होतात. १ मे १९६० ला राज्यं वेगळी झाली, पण रेल्वेनं प्रवाशाला हद्दीवर उतरून पुन्हा तिकीट काढ असं काही सांगितलं नाही. लोक त्या बाकड्यावर एक पाय इकडे, एक तिकडे टाकून फोटो काढतात. आंतरराज्य सहकार्याचा कार्यक्रम तिथेच आटोपतो.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराकडे मात्र अधिवासाचा दाखला नाही. नवापूर तालुक्यातल्या मावची-गावितांची सोयरीक पलीकडे उच्छल-सोनगडपर्यंत पसरलेली आहे, आणि रक्तातली ही खोट वऱ्हाडाबरोबरच ये-जा करते. तिच्यासाठी गुजरातने २००६ मध्ये आपला कार्यक्रम सुरू केला, त्यानंतर महाराष्ट्रानेही आपला काढला. जुलै २०२३ मध्ये मध्य प्रदेशातल्या शहडोलला केंद्राची मोहीम सुरू झाली : सात कोटी लोकांची तपासणी, २०४७ पर्यंत निर्मूलन. म्हणजे एका आजारासाठी सरकारं तीन. रुग्णानं आपण नेमके कोणाचे, एवढंच ठरवायचं.

दिवाळी झाली की मुकादम येतो, उचल वाटून झालेली असते आणि नवापुरातून कोयते बारडोलीच्या उसाकडे निघतात. पहाटेची थंडी, दिवसभराची अंगमेहनत, घोटभर पाणी : सिकलसेलच्या रुग्णाला क्रायसिस आणायला याहून चांगली व्यवस्था डॉक्टरांनाही सुचली नसती. हाडं-सांधे असे ठणकतात की माणूस पालात तळमळतो. मुकादम म्हणतो, अंगचोर आहे. हायड्रॉक्सियुरियाची गोळी रोज घ्यायची, अधूनमधून रक्त तपासायचं, आणि हा सगळा हिशेब गावाकडच्या आरोग्य केंद्राच्या रजिस्टरात. ते रजिस्टर ऊस तोडायला जात नाही. पडावाजवळच्या दवाखान्याला हा माणूस रुग्ण आहे हे कळवायचं कोणी? नवापूरच्या आशाताईंनी? त्यांची हद्द गावाच्या वेशीपर्यंत. रुग्णाला मिळणाऱ्या एसटीच्या सवलतीचं तर त्याहून सोपं : राज्याची हद्द आली की पूर्ण तिकीट.

दोन राज्यांना एकत्र काम जमतच नाही, असं कोणी म्हणू नये. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आमच्याच नवापुरात निघाला. तेव्हा नकाशावर कंपास ठेवून वर्तुळं काढली गेली, आणि कंपासला कुठे गुजरात दिसतो? उच्छल तालुक्यातही कोंबड्या मारल्या गेल्या. कोणी कोंबडीला विचारलं नाही, बाई, तू इकडची की तिकडची? सगळं काही दिवसांत उरकलं. मेख इतकीच, की कोंबडीचा आजार शहरातल्या ताटापर्यंत पोचतो. सिकलसेल आदिवासीच्या पालातच राहतो आणि जन्मभर राहतो. जन्मभराच्या आजारावर तातडीची बैठक कशी बोलावणार?

पलीकडे दारूबंदी असल्यामुळे इकडून जाणारी बाटली मात्र डोळ्यांत तेल घालून शोधली जाते. बाटलीवर ठेवतात तेवढं लक्ष गोळीवर ठेवलं, तरी निम्मं काम होईल. नंदुरबार आणि तापी या दोन जिल्ह्यांनी रुग्णांची एकच यादी ठेवावी, कोयते निघण्याआधी हंगामापुरत्या गोळ्या हातात द्याव्यात, आणि इकडचं कार्ड तिकडे चालावं. यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. बैठकीच्या जागेवरून वाद झाला तर ते बाकडं मोकळंच आहे.

तोवर नवापूर-उच्छलच्या व्याही-विहिणींनो, सुपारी फुटण्याआधी मुला-मुलीचा तपासणीचा कागद मागा. दोघंही वाहक निघाले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि हा आकडा दोन्ही राज्यांत सारखाच आहे.