तात्पर्य आधी, गोष्ट नंतर

दहावीच्या मराठीच्या पेपरात कथालेखनाचा प्रश्न असतो. मुद्दे बहुतेक वेळा पेपरातच छापलेले: म्हातारा शेतकरी, आळशी मुलं, शेतात पुरलेलं धन. पोरांनी मधल्या जागा भरायच्या, वर शीर्षक ठोकायचं आणि खाली तात्पर्य. म्हातारा मेला तरी चालेल, तात्पर्य जगलं पाहिजे. भंडारा जिल्ह्यातलं पवनी असो की पुणे, शेतकरी तोच, धन तेच. पवनीच्या पोराच्या घरी धानाची बांधी असते, रोवणीला तोही चिखलात उतरतो. पण त्याच्या बापाने त्या बांधीत किती कर्ज पुरलंय, हे पेपरात कोणी विचारत नाही.

याला म्हणे भाषाकौशल्याचा विकास म्हणतात.

आता तेच पोरगं दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, बघा. रात्रभर नाटक पाहतं आणि सकाळी बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, पाळीवर खलनायक, त्याची माय आणि पेटीवाला अशी तिघांची सोंगं एकटंच काढतं. ‘अना मंग बुडगा पराला ना गा!’ ऐकणारे पोट धरून हसतात. हेच वाक्य वर्गात आलं की बाई थांबवतात, ‘पळाला म्हण.’ पूर्व विदर्भातल्या या झाडीबोलीत ‘ळ’ नाहीच, त्याला पोराचा काय इलाज? ते ‘पळाला’ म्हणतं आणि खाली बसतं. म्हाताऱ्याचं पुढे काय झालं, वर्गाला शेवटपर्यंत कळत नाही. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीच्या अभ्यासात आयुष्य घातलं. वह्यांत मात्र ती अजून लाल शाईखालीच आहे.

बोलण्याची सरकारी किंमतही एकदा कळली. २०१९ च्या दहावीला भाषा विषयांचे तोंडी परीक्षेचे २० गुण काढून टाकले आणि आदल्या वर्षी ८९.४१ टक्के असलेला निकाल ७७.१० वर आला. घाम फुटला, गुण परत आले, आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के! (भूगोलाचा पेपर करोनाने रद्द झाला होता, तेवढं सोडा.) एका वर्षात अख्खा महाराष्ट्र इतका बोलका झाला.

पवनीत गोष्टींचा तोटा आहे म्हणावं, तर तसंही नाही. जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात स्तूप सापडला. त्याच्या कठड्याच्या एका खांबावर फणा काढलेला मुचलिंद नाग आहे आणि फण्याखाली रिकामं आसन. बुद्ध कोरलेलाच नाही. पावसात नागाने कोणावर छत्र धरलं, ते बघणाऱ्याने ओळखायचं. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा चित्रवर्णनाचा प्रश्न, आणि खाली तात्पर्य नाही! तो खांब दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेला, पण त्याचा फोटो फळ्यावर लावायला कोणाची परवानगी लागते?

‘अपूर्ण कथा पूर्ण करा’ हवी असेल, तर गोसीखुर्द धरण घ्या. १९८८ साली राजीव गांधींनी भूमिपूजन केलं. मूळ अंदाज ३७२ कोटींचा, तो पुढे हजारो कोटींवर गेला. पुनर्वसनाच्या परिच्छेदाचे अजून मुद्देच चालले आहेत. नाहीतर जय वाघ घ्या. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यातून २०१६ साली तो दिसेनासा झाला. कुठे गेला असेल, असं पाचवीच्या वर्गात विचारून बघा. जितकी पोरं तितकी उत्तरं मिळतील, आणि एकेक वनखात्याच्या खुलाशापेक्षा रंगतदार. मुकं म्हणून नोंदवलेलं पोरगंही हात वर करील. आणि हीच पोरं मोठी झाली की इंटरव्ह्यूत बोलता यावं म्हणून नागपूरला फी भरून क्लास लावतात.

तेव्हा गुरुजी, बाई, येत्या शनिवारी एवढं कराच. फळ्यावर मुद्दे लिहू नका. ‘मंडईत काय पाहिलं ते सांग’ म्हणा आणि दहा मिनिटं मध्ये न बोलता ऐका. वीसपैकी गुण द्यायचे तर द्या. न ऐकता तर आपण देतोच.