पहिला पाना कोणाचा?

होळी झाली की नागपूरकडे कूलर निघतात. माळ्यावरून, गच्चीवरून, जिन्याखालून, जिथं कुठं पावसाळा-हिवाळा त्यांनी पडून काढला असेल तिथून. आमचं बुटीबोरी नागपूरच्या दक्षिणेला, हैदराबादच्या रस्त्यावर, तीसेक किलोमीटरवर आहे. पण उन्हाच्या बाबतीत त्या तीस किलोमीटरांची काहीही सवलत मिळत नाही. 23 मे 2013 ला नागपुरात 47.9 अंशांची नोंद झाली होती. मे 2024 च्या अखेरीस तर तिथल्या एका स्वयंचलित केंद्रानं चक्क 56 अंश दाखवले. देशभर बातमी झाली, आणि मग हवामान खात्यानं खुलासा केला की केंद्राचा सेन्सर बिघडला होता. आमच्या जिन्यात त्यावर एकच प्रश्न विचारला गेला, "मग तो दुरुस्त कोन करन जी? घरमालक का किरायेदार?"

प्रश्न साधा नाही. तीन मजल्यांच्या या घरात यंदाच्या मार्चमध्ये तो नव्यानं उभा राहिला. कूलर खाली उतरतो, धूळ झटकली जाते, बटण दाबलं जातं. पंखा फिरतो, पंप मात्र गप्प. मग घरमालक काका आणि मी कूलरच्या दोन बाजूंना उभे राहतो.

"काका, पंप बंद पडून आहे."

"मागल्या वर्षी त चालू होता."

"मागल्या वर्षी आम्ही इथं नव्हतो."

"तेच त म्हणून राह्यलो मी. तुम्ही आले अन् बंद पडला."

या युक्तिवादाला उत्तर नसतं. काका माणूस वाईट नाही. संक्रांतीला तिळगुळ, श्रावणात शेतातली भेंडी आणि पाणी गेलं की खालच्या टाकीतल्या चार बादल्या, हे सगळं न मागता येतं. फक्त पंप येत नाही. त्याची किंमत काही शे रुपये. एवढ्याचा खर्च काकांना जड नाही आणि मलाही नाही. अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी.

गंमत अशी की बुटीबोरी हे दुरुस्तीवरच जगणारं गाव आहे. एमआयडीसीत पॉलिएस्टरचा धागा निघतो, टायर बनतात, विजेच्या मनोऱ्यांचे सांगाडे तयार होतात, आणि ही सगळी यंत्रं रात्रंदिवस चालती ठेवणारे हात आमच्यासारख्या किरायाच्या घरांत झोपायला येतात. आमच्या वरच्या मजल्यावर एक मेंटेनन्सचा फिटर राहतो. कारखान्यात मशीन थांबलं की याला फोन. रात्री दोनलाही जातो, पाऊण तासात मशीन सुरू करून परत येतो. त्याच्या घरचा गिझर मात्र दिवाळीपासून बंद आहे. हिवाळाभर त्यानं चुलीवर पाणी तापवलं, पण गिझरला हात लावला नाही.

मी विचारलं, तुम्हाला काय अवघड आहे? तो म्हणाला, "अवघड काहीच नाही भाऊ. पण एकदा का मी पाना लावला, का गिझर माझा झाला. मंग पुढची कॉइलही माझी, थर्मोस्टॅटही माझं, अन् खोली सोडताना 'तुम्हीच त खोललं होतं' हेही माझंच."

मला वाटतं, घरमालक-भाडेकरू संबंधांचं सगळं शास्त्र या वाक्यात आलं. भांडण पैशाचं नसतंच. भांडण पहिला पाना कोण लावतो याचं असतं, कारण जो लावेल त्याची ती वस्तू. खरेदीखत, पावती, वॉरंटी कार्ड यांपैकी कशानंही मालकी इतकी पक्की होत नाही.

कायद्यालाही हे बहुधा ठाऊक असावं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा. त्याआधी विदर्भात जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडचा 1949 चा आदेश चालायचा, मुंबईकडे 1947 चा कायदा आणि मराठवाड्यात हैदराबादचा 1954 चा. म्हणजे एकाच राज्यात गळका नळ तीन कायद्यांखाली गळत होता. नव्या कायद्याचं कलम 14 म्हणतं की उलट करार नसेल तर जागा राहण्यायोग्य ठेवणं मालकाचं काम. त्यानं केलं नाही तर भाडेकरूनं किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी, तरीही वाजवी मुदतीत काही झालं नाही तर स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करावा, मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त नाही. थोडक्यात, पाना आपण लावायचा, पण वस्तू आपली होऊ द्यायची नाही, याची ही सोय आहे. महिना सहा हजार किराया धरला तर चौथा हिस्सा अठरा हजार. एवढ्यात पंपच काय, अख्खे दोन कूलर येतील. हा हिशोब करून मी एक रात्र फार आनंदात काढली.

सकाळी करारनामा काढून पाहिला. पहिली अडचण ही की कागदावर मी भाडेकरू नाहीच, 'लायसन्सी' आहे. अकरा महिन्यांपुरती इथं राहण्याची परवानगी मिळालेला इसम. दुसरी अडचण, 'किरकोळ दुरुस्ती लायसन्सीने स्वखर्चाने करावी' हे वाक्य. आणि तिसरी सर्वांत नाजूक. कायद्याच्या लेखी जागा म्हणजे इमारत आणि तिच्या अधिक सुखकर वापरासाठी तिला जोडलेली फिटिंग्ज. आता आमचा कूलर खिडकीबाहेर लोखंडी घोडीवर उभा असतो आणि वाऱ्यानं पडू नये म्हणून तारेनं गजाला बांधलेला असतो. तो जोडलेला म्हणायचा की टेकलेला? एखाद्या ज्येष्ठ वकिलानं यावर दोन तारखा सहज काढल्या असत्या.

लायसन्सीसाठी 1882 चा सुविधाधिकार कायदा आहे. त्याच्या कलम 57 मध्ये मला एक सुंदर गोष्ट सापडली. जागेतला एखादा दोष जिवाला किंवा मालमत्तेला धोकादायक असेल, मालकाला माहीत असेल आणि परवानाधारकाला माहीत नसेल, तर तो सांगणं मालकावर बंधनकारक आहे. काकांनी हे कलम वाचलं असण्याची शक्यता कमी, पण चावी देताना ते म्हणाले होते, "कूलरले ओल्या हातानं हात लावू नका बरं, कधी कधी करंट मारते." कलम 57 चं पालन झालं. कूलरची वायर मात्र होती तिथंच राहिली.

इथं मात्र मला विनोद पुढे रेटवत नाही. विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं दगावल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात, त्यांत पोरं असतात. पाणी भरण्याआधी बटण बंद करा, प्लग काढा, अर्थिंग तपासा, असं महावितरण ओरडून सांगतं. वायरच्या बाबतीत पहिला पाना कोणाचा हा वाद घालायचा नाही, असं मी ठरवलं. इलेक्ट्रिशियन आणला, अर्थिंग करून घेतलं, पैसे दिले. काका दारात उभे राहून बघत होते. नंतर म्हणाले, "चांगलं केलं तुम्ही." त्या वाक्यात कूलर संपूर्णपणे माझ्या नावावर झाल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं.

केंद्र सरकारनं 2021 मध्ये आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला. राज्यांनी मनावर घ्यावा म्हणून केलेला तो नमुना आहे. त्याच्या परिशिष्टात दुरुस्त्यांची सरळ वाटणीच आहे. भिंतींची सफेदी, नळाचे पाइप बदलणं आणि घरातलं वायरिंग मालकाकडे. नळाचे वॉशर, गिझर, स्विच, सॉकेट, खिडक्यांच्या काचा, दारांच्या कड्या-कुलपं भाडेकरूकडे. बाथटबची दुरुस्तीही भाडेकरूकडे आहे. आमच्या न्हाणीघरात बादली आत ठेवली की माणसाला दार लावता येत नाही, तेव्हा बाथटबच्या जबाबदारीतून आम्ही निसर्गतःच मुक्त आहोत. गिझरचं वाचून दाखवल्यावर फिटर म्हणाला, "हा नमुना कोनाले दाखवू नका." कूलरचा उल्लेख त्या यादीत नाही. यादी करणारे दिल्लीचे असूनही तो सुटावा, याचं मला नवल वाटतं.

जर्मनीत भाडेकरू घर सोडताना पुष्कळदा स्वयंपाकघरातली कपाटं, ओटा, सिंक खोलून सोबत नेतात, आणि नवा भाडेकरू रिकाम्या भिंतींसमोर उभा राहतो. मी हे काकांना सांगितलं. त्यांना ही पद्धत फार आवडली. "म्हणजे घरमालकाले फक्त भित्ती द्या लागते?" त्यांनी दोनदा विचारलं, आणि मला उगाच सांगितल्यासारखं झालं.

तसं पाहिलं तर दुरुस्ती कोणाची हा प्रश्न मोठमोठ्या वस्तूंनाही सुटत नाही. आमच्या चौकातला उड्डाणपूल 2021 मध्ये सुरू झाला आणि डिसेंबर 2024 मध्ये तडे गेले म्हणून बंद करावा लागला. सरकारी कामात ठेकेदारावर ठरावीक मुदतीपर्यंत दोषदुरुस्तीची जबाबदारी असते, हे त्या निमित्तानं पानटपरीवरच्या प्रत्येकाला पाठ झालं. टपरीवरचं मत असं पडलं की पुलाचं बरं आहे, निदान कागदावर नाव तरी लिहिलेलं असतं.

एप्रिलच्या मध्याला काकांची बोअरची मोटर बंद पडली. काकांनी जिन्यातून वर आवाज दिला, फिटर पाना घेऊन खाली गेला आणि थोड्या वेळात मोटर सुरू झाली. पैसे घेतले नाहीत. काकूंनी त्याला तर्री-पोहे खाऊ घातले. गिझरचा विषय दोघांनीही काढला नाही. मला हे खटकलं; मी त्याला म्हटलं, तिथं कसा लावला पाना? तो म्हणाला, "ती मोटर त त्याहिची आहे ना. ती माझी कशी होईन?"

मे लागायच्या आत आमचा करार नूतनीकरणाला आला. महाराष्ट्रात असा करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो. नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, म्हणून काका याबाबतीत कधी आळस करत नाहीत. आम्ही दोघं करार टाइप करणाऱ्या मुलाकडे गेलो. सामानाची यादी आली. पंखे दोन, ट्यूबलाइट तीन, गिझर एक, कूलर एक.

"कूलरपुढे 'चालू स्थितीत' लिहा," मी म्हटलं.

"नाही," काका म्हणाले, "'जसा आहे तसा' लिहा."

"अहो, अर्थिंग केलंय, पंप बसला की चालूच आहे तो."

"मंग जसा आहे तसाच झाला ना."

मुलानं आमच्याकडे एकदा पाहिलं, घड्याळाकडे एकदा पाहिलं. मागे तिघं वाट बघत होते. "दोन्ही टाकून देऊ का?" तो म्हणाला, आणि उत्तराची वाट न बघता त्यानं टाइप केलं: कूलर 1, चालू स्थितीत, जसा आहे तसा.

आम्ही दोघांनीही अंगठे लावले.